मानाचं बेट

द्वीपसमूह म्हणजे काय, हे साधना चोवीस वर्षं अकोल्याच्या एका हायस्कुलात मुलांना सांगत आली होती. चहूबाजूंनी पाणी असलेली जमीन म्हणजे बेट, आणि अशी बेटं जवळजवळ असली की द्वीपसमूह. मुलं लिहून घेत. ज्या गावात नळ आला की लोक एकमेकांना फोन करून कळवतात, तिथे चहूबाजूंनी पाणी ही गोष्ट मुलांना परीकथेतली वाटायची. साधनालाही वाटायची, पण तिला त्याचा पगार होता.

समुद्र तिने पाहिलाच नव्हता असं नाही. लग्नानंतर एकदा सगळं घर मुंबईला गेलं होतं. पण तेव्हा बारा जणांच्या चपला सांभाळायला काठावर एक माणूस लागत होतं, आणि ते माणूस ती होती.

म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं, दोघांनीच, असं तिने ठरवून घेतलं होतं. एक बेट, एक किनारा, एक अख्खा दिवस. त्या दिवसात 'साधना, माझा चष्मा कुठे आहे' असं कोणी विचारणार नाही. एवढीच तिची अपेक्षा होती आणि बऱ्याच वर्षांत तिने दुसरी कोणती केलेली नव्हती. गजेंद्र हो म्हणाला. विमानाची दोन तिकिटंही काढून झाली.

गजेंद्र, म्हणजे तिचा नवरा, वाईट माणूस नव्हता. त्याचं बियाण्यांचं दुकान होतं, आणि दुकानदाराने तोंडातून 'नाही' काढायचं नसतं हे त्याच्या हाडात गेलेलं होतं. अमरावतीला एका वास्तुपूजनात पंगतीला त्याच्या शेजारी देवीदासराव बसले. देवीदासराव म्हणजे गजेंद्रच्या धाकट्या बहिणीचे, रागिणीचे यजमान. घरचे जावई. बुंदी येईपर्यंत काहीतरी बोलायला हवं म्हणून गजेंद्रने अंदमानचं सांगितलं. आणि सांगितलंच आहे तर रीतीप्रमाणे पुढचं वाक्यही म्हटलं, "चाला ना मंग तुमी बी."

हे वाक्य वऱ्हाडात उठता-बसता म्हटलं जातं. दाढ काढायला निघालेला माणूसही रस्त्यात भेटलेल्याला 'चालता का' म्हणतो. त्याचं उत्तरही ठरलेलं आहे, 'नाही बाप्पा, तुमी या जाऊन.' मग दोघंही आपापल्या वाटेला मोकळे. देवीदासरावांनी बुंदीचा घास घेतला, नीट चावला, आणि म्हणाले, "चालतो."

"चालतो म्हणाले?" घरी आल्यावर साधनाने विचारलं.

"हो ना."

"अन् तुमी काय म्हटलं?"

"मी काय म्हनीन? मी म्हटलं, वा."

पुढचं आपोआप झालं. लेक-जावई समुद्र पाहायला चालले आणि आई घरी बसली, हे चार माणसांत बरं दिसत नाही, म्हणून गजेंद्रची आई, मैनाबाई, आली. मैनाबाईंचे अकोटचे भाऊ पुंजाराममामा बहिणीला भेटायला आले होते तेव्हाच हे बोलणं झालं. त्यांच्या देखत बोलून त्यांना न विचारणं बरं दिसत नाही, म्हणून मामा आले. नवीन तिकिटं मात्र बेटं ठरल्यावर काढू, असं ठरलं. त्यासाठी एका रविवारी सगळे अकोल्याला जमले.

साधनाने शाळेतून नकाशा आणला होता. तो दिवाणावर पसरून चार कोपऱ्यांवर चार पाण्याचे गडवे ठेवले. कूलर चालू होता, त्यामुळे नकाशावर थोडी भरती-ओहोटीही होत होती.

बेटं निवडायची कशी, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. त्या घरात लुगड्यापासून पुरणपोळीपर्यंत सगळं मानाने वाटलं जाई. बेटांना वेगळा कायदा लावायचं कारण नव्हतं. पहिला मान जावयाचा.

"जवाईबापू, पहिले तुमी सांगा," मैनाबाई म्हणाल्या. "तुमाले कोनतं पाह्यजे?"

देवीदासराव केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. शाळा तपासायला जायचं आणि नारळ-शेला घेऊन यायचं, यात त्यांची सेवा झाली होती. त्यांनी चष्मा लावला आणि उत्तरपत्रिका पाहावी तसा नकाशा पाहिला. "याच्यात सगळ्यात मोठं कोनतं हाय?"

"मध्य अंदमान," साधना म्हणाली. "पण तिथं रस्त्यानं जाण्यातच दिवस जाते, जवाईबापू. अन् किनाऱ्यासाठी म्हणून कोणी तिथं..."

"वैनी, मोठं ते मोठं."

दुसरा मान मामांचा. "मले काय, म्हातारा मानूस," मामा म्हणाले. "लहानसं असलं तरी चालते." त्यांचं बोट जिथे पडलं ते हॅवलॉक होतं. सरकारी नाव आता स्वराज द्वीप. साधनाने मोबाइलवर तिथल्या राधानगर किनाऱ्याचा फोटो उघडून दाखवला. पांढरी वाळू, आणि निळ्या रंगाचे असे काही प्रकार, की ज्यांना मराठीत नावं द्यायची गरज कधी पडलेली नव्हती. मोबाइल एकेकाच्या हातातून फिरत देवीदासरावांपाशी आला आणि तिथेच थांबला.

"हे मामाजीचं?"

"हो."

"अन् माह्यं दाखवा बरं."

त्यांच्या बेटाच्या फोटोत एक जेट्टी, एक बस आणि मागे झाडं होती.

"हे तं परतवाडा दिसून राहिलं," देवीदासराव म्हणाले.

"वाटेत गुफा लागतात, भाऊजी," गजेंद्र घाईने म्हणाला. "चुनखडीच्या."

"गुफा तं पातूरले बी हाय. त्याच्यासाठी विमानात बसू का मी?"

मामा समजदार होते. "घ्या ना जवाईबापू, माह्यं तुमी घ्या," ते म्हणाले.

"नाही नाही, मामाजी. तुमचा मान हाय तो."

इथे मात्र दोघंही ठरलेली वाक्यं बरोबर बोलले, आणि त्यामुळे गाडी रुतली. मामांना बेट परत घेता येईना आणि जावयाला ते मागता येईना.

मधे मैनाबाईंचा मान आला. साधनाने नील बेटावरच्या किनाऱ्यांची नावं वाचली. तिला तेच बेट हवं होतं, म्हणून ती जरा हळू वाचत होती. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. मैनाबाईंनी हात जोडले.

"अवं, हे तं तीर्थच हाय. पहिले काहून नाही सांगतलं? चारी ठिकानी आंघोळ करू, समुद्राची ओटी भरू. नारळ इथूनच नेजो, गजेंद्र."

"आई, अंदमानात नारळच नारळ आहेत," साधना म्हणाली.

"तिथले कसे निघतीन काय सांगावं बापा. आपन आपल्या ओळखीच्या दुकानातले नेऊ."

साधनाच्या डोळ्यांसमोर सीतापूरचा किनारा आला. ती पाण्याकडे पाठ करून बसलेली, हातात मैनाबाईंचं कोरडं लुगडं, शेजारी अकोल्याचे नारळ, आणि अवतीभोवती चपलांचे सहा जोड. चित्र ओळखीचंच होतं. मागचं पाणी तेवढं जास्त निळं होतं.

"वैनी, तुमाले कोनतं?" रागिणीने विचारलं. विचारणारी ती एकटीच होती.

"उरेल ते."

उरलेली बेटं पुष्कळ होती. बहुतेकांवर माणूस नव्हतं, आणि जायला बंदी होती. साधनाला ती फार चांगली वाटली.

देवीदासरावांनी त्या संध्याकाळी पोह्यांची दुसरी डिश परत पाठवली. जावयाने पोहे परत पाठवणं म्हणजे काय, हे त्या घरात मांजरालाही कळत होतं. दोन दिवसांनी अमरावतीहून फोन आला, "आमचं काही जमत नाही. तुमी या जाऊन."

"रुसले," मैनाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काळजी होती, तसं समाधानही होतं. जावई रुसला म्हणजे अजून आपला आहे. "जा दोघं जनं, अन् रुसवा काढून या. मामाचं बेट त्याहिले देऊन टाका. मामाले मी समजावतो."

रुसवा काढायचीही रीत आहे. मिठाईचा डबा घेऊन जायचं. जावयाने 'नाही' म्हणायचं, आपण 'असं कसं' म्हणायचं. असं तीनदा झालं की घरच्या सुनेने पदर सावरून म्हणायचं, 'तुमी नसान तं आमी बी नाही जात.' मग जावई हसतो, चहा येतो आणि प्रकरण मिटतं. शेवटचं वाक्य सुनेचंच असतं. नवऱ्याने म्हटलेलं चालत नाही, कारण जावयाचा मान राखल्याची पावती सुनेच्या तोंडून लागते. साधनाने ते वाक्य आजवर पुष्कळदा म्हटलं होतं. एकदा मुंजीच्या वेळी, एकदा प्लॉटच्या खरेदीला, आणि एकदा नुसत्या हुरड्याला.

अमरावतीला पोचल्यावर ती आधी स्वयंपाकघरात गेली. रागिणी चहाचं आधण ठेवून उभी होती.

"वैनी, खरं सांगू?" ती हळू आवाजात म्हणाली. "मले चिखलदऱ्याच्या घाटात उलट्या होतात. बोटीत माह्यं काय होईन?"

"मग सांग ना त्यांना."

"त्याहिले? तुमी बी काय वैनी!"

बैठकीत देवीदासराव पेपर उघडून बसले होते. पान शेतीच्या पुरवणीचं होतं आणि त्यांना शेती नव्हती. गजेंद्रने डबा पुढे ठेवला.

"असं कसं भाऊजी, चाला ना."

"नाही गजेंद्रभाऊ. माह्यं ब्लडप्रेशर."

"असं कसं? मामाजी म्हन्तात, हॅवलॉक तुमीच घ्या."

"बेटाचा प्रश्न नाही. मले बेटाचं काय हाय? तुमी या जाऊन."

"असं कसं, भाऊजी..."

"नाही म्हंजे नाही. तुमी या जाऊन, खुशाल."

तीन झाले. गजेंद्रने बायकोकडे पाहिलं. देवीदासरावांनी पेपर थोडा खाली घेतला. रागिणी ट्रे घेऊन दारात थांबली, कारण चहा कोणत्या वाक्यावर न्यायचा हे तिलाही ठाऊक होतं.

साधनाने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. पण ते बाहेर काढायला जो जोर लागतो, तो कुठे सापडेना. बंड वगैरे काही तिच्या मनात नव्हतं. ती फक्त दमली होती. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "बरं."

रागिणीचं एक पाऊल आत पडलं होतं, ते तिने मागे घेतलं.

"काय?" देवीदासराव म्हणाले.

"बरं म्हटलं, जवाईबापू. तब्येत पहिले. आमी येतो जाऊन."

देवीदासरावांनी पेपर पुन्हा वर घेतला. त्यात कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती होती. ती त्यांनी बराच वेळ वाचली. चहा आला, पण त्याच्याबरोबर काही मिटलं नाही. कपबशा तेवढ्या वाजल्या.

रागिणी गेटपर्यंत आली. नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "असं करते का कोनी, वैनी? लय वाईट वाटलं मले." आणि साधनाच्या पिशवीत तिने चिवड्याची पुडी टाकली. "विमानात खाजा दोघं," हे मात्र हळूच म्हणाली.

गाडीने बडनेरा मागे टाकलं. मग गजेंद्र म्हणाला, "आता भाऊजी दहा वर्षं नाही बोलत आपल्याशी."

"बरं."

"बरं काय? लग्नं होतीन घरातले. उभे नाही राहनार ते."

"राहतीन. फेटा कोन बांधून घेईन मग?"

मैनाबाईंचा फोन आला. त्याने स्पीकरवर टाकला आणि झालं ते सांगितलं, थोडं गुळगुळीत करून. फोन कट झाला की काय म्हणून गजेंद्रने दोनदा 'आई' म्हटलं.

"लेक नाही, जवाई नाही, अन् मी समुद्रात नारळ सोडत फिरू?" त्या शेवटी म्हणाल्या. "मी पुंजारामकडे जातो अकोटले. त्याले बी आता नाही जाचं, दुसऱ्याच्या मानाचं बेट नको त्याले. अन् तुमी?"

गजेंद्रचं तोंड उघडलं. तो काय म्हणणार हे साधनाला दिसत होतं. 'आमी बी नाही जात' हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं, ते तिचंच होतं, तिने टाकलेलं.

"आमची तिकिटं काढलेली आहेत, आई," ती म्हणाली.

"पाहा बापा," मैनाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला. त्यांचा आवाज घरी गेल्यावर ऐकायचा होता. कितीतरी दिवस ऐकायचा होता. साधनाला ते माहीत होतं. आपल्याला आनंद कसा होत नाही, याचं तिला थोडं नवल वाटलं. पायातली चप्पल काढल्यावर वाटतं, तेवढंच काहीतरी वाटत होतं.

मूर्तिजापूरच्या पुढे गजेंद्रने विचारलं, "मंग आता कोनतं बेट?"

सगळा द्वीपसमूह मोकळा होता. कोणाचा मान नव्हता, कोणाचं बोट नकाशावर नव्हतं.

"नील. एकच."

"तिथं काय पाहाचं?"

"काही नाही. बसायचं."

"सगळा दिवस?"

"सगळा दिवस."

त्याने एक ट्रक मागे टाकला. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडलेलं होतं. "अन् मी काय करू?" त्याने विचारलं. त्यात तक्रार नव्हती. त्याला खरंच माहिती हवी होती.

साधनाने इतके दिवस मनातल्या मनात सगळ्यांना त्या किनाऱ्यावरून एकेक करून उठवलं होतं. सगळे उठले तरी एक माणूस उरतो, आणि तो गाडी चालवतो आहे, याचा विचार तिने केला नव्हता. तिने त्याच्याकडे पाहिलं. कानामागचे केस पांढरे झाले होते. दुकानात कधी झाले असतील.

"तुमी बी काही करू नका."

"जमन का मले?"

"करून पाहा. आत्तापासून करा, अकोला येईपर्यंत."

गजेंद्रने मन लावून काही न करायला सुरुवात केली. त्याने रेडिओला हात लावला नाही. समोरच्या गाडीचा नंबर वाचला नाही. फोन वाजला, तो त्याने वाजू दिला. असं त्याने बरंच रेटलं. बोरगाव मंजूच्या अलीकडे त्याच्याने राहवलं नाही.

"पन तिथं चहा भेटते ना?"

"भेटते," साधना म्हणाली. आपल्याला ठाऊक नाही हे तिला ठाऊक होतं. तिने सीट मागे केली आणि डोळे मिटले.