माझ्या जागेवर कोण बसलं?

मित्रांनो, मी भूमजवळच्या एका गावातल्या दूध डेअरीची जुनी फॅट मशीन. दुधात स्निग्धांश किती आणि पाणी किती, हे मी सांगते. त्यामुळे गावात माझं कौतुक करणारे पुष्कळ आणि माझ्याकडे बघायचं टाळणारेही काही.

मला बसवलं तेव्हा मेकॅनिकनं मला एक कायमचा नंबर दिला. तोच माझा पत्ता. कॉम्प्युटर त्या नंबरावर हाक मारी आणि मी वायरीतून आकडा पाठवी. माझा स्वतःचा पडदा केव्हाच काळा पडला. दुरुस्तीचा विषय निघे, तेवढ्यात चहा येई. यंदा कॉम्प्युटर अंगणापलीकडच्या नव्या खोलीत गेला आणि माझी वायर तोकडी पडली.

मग दुधाची पारख डोळ्यांवर आली. योगीराज नावाचा सभासद सहज म्हणाला, "चांगुणाबाईचं दूध लई पातळ दिसतंया." झालं. बघता बघता गावभर तेच. शेवटी डेअरीचे सचिव ज्ञानोबा यांनी बाईला बजावलं: शनिवारी मशीन जोडू, आकड्यात दूध उतरलं तर ठीक; नाहीतर किटली परत, आणि पुन्हा आणायची नाही.

शनिवारी ज्ञानोबांची सून निकिता एक छोटी डबी घेऊन आली. माझी वायर डबीत, आणि डबी बिनवायरीची नव्या खोलीतल्या वायफायशी बोलणार. डबीवर हिरवा दिवा लागला. आकडा मात्र पलीकडे पोचेना. क्षणभर जोड लागे, लगेच तुटे. ऊन चढत होतं, टँकरवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. दूध किती वेळ धीर धरणार? चांगुणाबाई किटलीच्या झाकणावर हात ठेवून उभी होती.

भिंतीला टेकून मोबाइल बघणारा योगीराज म्हणाला, "मशीनबी लाजली जणू, कसं सांगावं म्हणून." लोक हसले. बाई हसली नाही.

निकितानं विचारलं, वायफायचा पासवर्ड कुणाकुणाला दिलाय? ज्ञानोबांनी भिंतीकडे बोट केलं. खडूनं ठळक लिहिलेला होता. आल्यागेल्याला पाणी विचारायचं तसं वायफायही, असा त्यांचा रिवाज. माझा नंबर इतके दिवस रिकामा दिसत होता. वायफायनं तो एका मोबाइलला देऊन टाकला होता. आता एका पत्त्यावर आम्ही दोघं.

तिनं समजावलं, पण कुणाच्या गळी उतरेना. तेव्हा ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, रांगेत किटली ठेवून माणूस घरी गेला, तर त्याची जागा कुणी घेतं का?"

"न्हाय बा. कोण घेईल?"

"मशीनची जागा इथल्या एका मोबाइलनं घेतलीया. सगळ्यांनी वायफाय बंद करा."

किटलीची जागा म्हटल्यावर वाद संपला. एकेक मोबाइल खिशात गेला. तरी आकडा येईना. टँकरवाल्यानं इंजिन चालू केलं.

चांगुणाबाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "योगीराज भाऊ, तुमचा मोबाइल अजून गातोय."

त्यानं नाइलाजानं वायफाय बंद केलं. थोड्याच वेळात कॉम्प्युटरची हाक आली. मी दूध चाखलं, आकडा पाठवला. पलीकडून निकितानं वाचला, "फॅट सात. पाणी अजिबात न्हाय."

ज्ञानोबांनी चांगुणाबाईची किटली स्वतः टँकरकडे नेली. पुढची किटली योगीराजची. तिचा मालक म्हणत होता, मशीन तापली असंल, जरा इसावा द्या तिला.

निकितानं माझा नंबर आता कायमचा राखून ठेवलाय. ज्ञानोबांनी पासवर्ड काही पुसला नाही. खाली फक्त लिहिलं, 'मशीनची जागा सोडून बसावे.'

मित्रांनो, आमच्या नळ्या धुवा, पडदे दुरुस्त करा, आणि आमची जागा राखा. आम्ही गप्प झालो की कुणीतरी अंदाजानं बोलू लागतो, आणि ते ऐकत झाकणावर हात ठेवून उभं राहावं लागतं दुसऱ्याच कुणाला.