शून्यबाबाचा अर्क आणि निळं पिंप

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी माइकवरचा शिष्य ओरडत होता, "मागच्यांनी पुढे सरका, चमत्कार सगळ्यांना दिसला पाहिजे!" व्यासपीठावर शून्यबाबा पांढऱ्याशुभ्र खुर्चीत बसले होते आणि शेजारी होतं एक निळं पिंप.

बाबा एचआयव्ही मुळापासून बरा करत. महिनाभर त्यांचा अर्क प्यायचा आणि रक्त तपासायचं. विषाणू शून्य आला की व्यासपीठावर येऊन दवाखान्याच्या उरलेल्या गोळ्या पिंपात टाकायच्या. जन्माची कटकट गेली! आणि गंमत म्हणजे शून्य खरंच येत होता. प्रयोगशाळाही बाबांची नव्हती, चांगली नावाजलेली होती. नाकं मुरडत आलेली माणसंही तो शून्य पाहून गप्प होत.

पहिल्या रांगेत शिवणवाली आणि तिचा कुलूपवाला नवरा बसले होते. दोघं कित्येक वर्षं रोज जेवण झालं की समोरासमोर बसून एकेक गोळी गिळत. नवरा पार विटला होता. "पाहुण्यांकडे गेलं तरी चोरासारखं मोरीत जाऊन घ्यायची," तो म्हणे. "माझं सगळं आयुष्य या गोळीच्या तालावर!"

मध्यंतरी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही गोळ्या थांबवायचं विचारलं होतं, पण ते एका संशोधनासाठी. आधी नवीन औषध, मग गोळ्या बंद, दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि विषाणूने डोकं वर काढलं की लगेच गोळ्या सुरू.

"मी बरा होईन?" नवऱ्याने विचारलं होतं.

"बहुधा नाही. पण पुढच्यांसाठी काहीतरी कळेल. धोका आहे, तुमच्यामुळे दुसऱ्याला लागण होण्याचाही. नाही म्हणालात तरी चालेल, तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील."

बाहेर आल्यावर नवरा फणफणला, "हिलाच माहीत नाही, ती मला काय सांगणार!" आणि थेट बाबांच्या दारात गेला. खरं बोलणाऱ्याकडे बाक रिकामे आणि थापा मारणाऱ्याकडे उभं राहायला जागा नाही, ही रीत जुनीच.

"आज आणखी एक जोडपं शून्य झालंय!" शिष्याने पुकारा केला. टाळ्या कडाडल्या. नवरा तरातरा वर गेला. शिवणवाली रेंगाळत मागोमाग गेली.

बाबांनी डोळे मिटले. "अणूत परमाणू, परमाणूत शून्य, शून्यात मी! बेटी, अर्क प्यायल्यावर काय वाटलं?"

"मी प्यायलेच नाही," शिवणवाली म्हणाली.

माइक चालू होता. सगळ्या सभागृहाला ते ऐकू गेलं.

"काय बरळतेस?" नवरा पुटपुटला.

"अहो, वास सहन होईना. घरात भांडण नको म्हणून गप्प बसले. तुमची पाठ वळली की कुंडीत ओतायचे. रोपानेसुद्धा मान टाकली."

बाबा सावरले. "माता, आमच्या अर्काचा नुसता वासही पुरतो!"

"मग बाटल्या कशाला विकता?" मागून कुणीतरी ओरडलं. "झाकण उघडून पंखा लावा की!"

हशा पिकला. शिवणवालीला धीर आला. "मी घाबरले होते. म्हटलं, तपासणीत माझं बिंग फुटणार. तर माझाही शून्य! आज सकाळी डॉक्टरीणबाईंना गाठलं. दर वर्षी रक्त पाहून त्या 'छान आहे' म्हणतात आणि आपण मान डोलावून घरी येतो. आज पहिल्यांदा विचारलं, छान म्हणजे किती? त्या म्हणाल्या, शून्य. म्हणजे यंत्राला सापडणार नाही इतका कमी. आमच्या दोघांचाही, गेली कित्येक वर्षं! विषाणू गेलेला नाही, दडून बसलाय. गोळी त्याला बाहेर येऊ देत नाही. गोळी थांबली की तो काही आठवड्यांत बाहेर येणार."

"नास्तिक आहे ही!" शिष्य किंचाळला.

"असेन. पण मला एक सांग. इथे येतात ते सगळे तपासणीपर्यंत गोळ्या घेतच असतात. पिंपात गोळ्या टाकून सहा महिने झालेला एक तरी माणूस या व्यासपीठावर आणून दाखव!"

शिष्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे.

मधल्या रांगेतून एक बाई उठली. "माझ्या भावाने याच व्यासपीठावर गोळ्या टाकल्या होत्या. लोकांनी खांद्यावर घेतलं होतं त्याला. आता दवाखान्यात आहे. ओळखू येत नाही."

नवऱ्याचा हात पिंपावर होता, मुठीत गोळ्यांची बाटली. तो बायकोकडे वळला. "सकाळीच का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

त्याने बाटली खिशात घातली. मग बाह्या सरसावल्या, पिंपात खांद्यापर्यंत वाकला आणि लोकांच्या गोळ्यांच्या बाटल्या काढून ज्याच्या त्याच्या हातात देऊ लागला. व्यासपीठापाशी रांग लागली. बाबा मागच्या दाराने शून्यात विलीन झाले.

वाचकहो, गोळीचा कंटाळा येतो, यात लाज कसली? पण ती थांबवायला कुणी सांगितलं, मग तो बाबा असो की मोठा शास्त्रज्ञ, तर आधी विचारा: थांबवल्यावर माझं रक्त कोण पाहणार? विषाणू वाढला तर मला कोण सावरणार? माझ्या घरच्यांचं काय? या प्रश्नांची उत्तरं देणारा खरा. प्रश्न ऐकून छताकडे बघणाऱ्याला खुशाल पाठ दाखवा.