मंडपाची जागा

हर्षालीनं लाकडी खोलीचं दार ढकललं. "आई, लग्नाच्या दिवशी आपण सगळ्या बायकांनी इथं तयार व्हायचं."

कुसाबाई आत आली. ठेंगणी, एका खिडकीची खोली. भिंतींना ताजा पांढरा रंग, जुन्या चुलीच्या जागी दिव्यांचा आरसा, आणि अत्तराचा दाट वास.

मखमलाबादच्या मळ्यात झेंडू पिकवून नाशकाच्या फूलबाजारात विकणारी कुसाबाई पहिल्यांदाच विमानात बसली होती, तेही मुलीच्या लग्नासाठी. नवरा वारल्यावर तिनं एकटीनं हर्षालीला इंजिनिअर केलं. २००८च्या त्या उन्हाळ्यात हर्षालीला अमेरिकेत तीन वर्षं झाली होती. तिनं आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं, दीपकनं, हौसेनं ही जागा ठरवली होती. हा देश स्वतंत्र झाला तेव्हाच्या एका मोठ्या पुढाऱ्याचं घर. पुढं हिरवळ, खाली नदी, मागं तंबाखूची जुनी शेतं. मघाशी गाईडबाईनं त्याचं मेजही दाखवलं होतं. इथं बसून तो स्वातंत्र्यावर लिहायचा, हे हर्षालीनं कौतुकानं मराठीत सांगितलं होतं.

या खोलीत पूर्वी कोण राहायचं, असं कुसाबाईनं विचारलं. हर्षालीनं गाईडबाईला विचारलं, आणि उत्तर ऐकून ती घुटमळली. मग खालच्या आवाजात म्हणाली की त्या पुढाऱ्याचे गुलाम राहायचे. एवढ्याशा जागेत अकरा जण. तंबाखूच्या शेतात राबायचे. त्यांची मुलंही विकली जायची.

नाकाला पदर लावून कुसाबाई बाहेर पडली आणि गवतावर थुंकली. दीपक ओशाळला. हे सगळं दोनशे वर्षांपूर्वीचं आहे, शिवाय पत्रिका वाटून झाल्यात, असं तो समजावू लागला. कुसाबाई हर्षालीकडे वळली.

"तू अशाच खोलीत जन्मली. बागायतदाराच्या बंगल्यामागं, खताच्या गोण्यांशेजारी. लाज वाटायची म्हणून सांगितलं नाय कधी. पण आम्ही एक दिवस बोचकं उचललं अन् निघालो. ह्यांना तेबी नव्हतं. अन् तिथं तू पावडर लावणार?"

जागा बदलली नाही. कुसाबाईनंही हट्ट धरला नाही. आपण त्या खोलीत पाय ठेवणार नाही, एवढंच तिनं सांगून टाकलं.

लग्नाच्या सकाळी सगळ्या बायका खोलीत आवरत होत्या. कुसाबाई आपली पिशवी घेऊन गाड्या लावतात तिकडे गेली. आईला शोधत हर्षाली दारापर्यंत आली, अंगावर शालू, केस अर्धेच बांधलेले. दोन गाड्यांच्या मधोमध, उघड्या दाराच्या आडोशानं आई नऊवारी नेसत असलेली तिला दिसली. आतून कुणीतरी हाक मारली, तशी ती मागं फिरली.

तेवढ्यात गाड्या लावून घेणारा म्हातारा कृष्णवर्णीय माणूस तिकडून आला. कुसाबाईला पाहून थबकला. तिनं साडी छातीशी धरली. तो वळला आणि तिच्याकडे पाठ करून रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिला. पाहुण्यांची एक गाडी आली, ती त्यानं हात वर करून थांबवली. मागं आणखी दोन येऊन उभ्या राहिल्या.

कुसाबाईनं घाई केली नाही. एकेक निरी सारखी करून तिनं कासोटा खोचला.