काळ्या फळ्याची तबली

मी एक जुना सागवानी फळा आहे. मित्रांनो, आज मला पाहून तुम्ही ओळखणार नाही, म्हणून आधीच सांगितलं.

सिल्लोडजवळच्या एका शाळेत मी चाळीस वर्षं भिंतीवर होतो. माझ्यावर बेरजा लिहिल्या, पानाचे छेद काढले. वर्गात गलका झाला की गुरुजी डस्टर माझ्यावरच आपटत. गलका मुलांचा, मार मला! पुढे पांढरा फळा आला आणि मी स्वयंपाकखोलीमागे जाऊन पडलो.

गेल्या फेब्रुवारीत गाणं शिकवणाऱ्या सरिताबाई संभाजीनगरहून वाद्यं बनवणाऱ्या सखाराम मिस्त्रींना घेऊन आल्या. शाळेला तंबोरा हवा होता. त्यासाठी अंगणातलं शिवणीचं झाड तोडायचं ठरत होतं.

खिचडी शिजवणाऱ्या आवडाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "त्या झाडाखाली माझी दीडशे लेकरं जेवत्यात. तुमचा तंबोरा सावली देतो व्हय?"

"मावशी, शिवणीसारखं लाकूड दुसरं मिळत नाही हो," सरिताबाई अवघडून म्हणाल्या.

सखाराम खोडावर बोटांनी ठोकत होते. "लाकूड चांगलं, पण ओलं. पाच-सहा वर्षं वाळवावं लागंल. तवर मुकंच."

ओलं लाकूड मुकं का? मी कान टवकारले.

"आतलं पाणी कंप गिळतं," सखाराम पुढे म्हणाले.

"पाच वर्षं? तवर लेकरं काय उन्हात जेवतील?" पुटपुटत आवडाबाई चुलीकडे वळल्या. जळणाची पऱ्हाटी संपली होती. त्यांनी मला भिंतीला टेकवलं आणि खिळे ढिले करायला कुऱ्हाडीच्या पाठीनं एक ठोका दिला.

ठण्ण!

"थांबा!" सखाराम धावत आले.

"आता काय? फळ्यालाबी सावली असती का?"

त्यांनी चाकूनं माझा काळा रंग खरवडला. खाली सरळ, बारीक रेषा होत्या. मग ठोकून त्यांनी कान लावला. "चाळीस वर्षं वाळलाय ह्यो. बोलतोय, बाई. झाड ऱ्हाऊ द्या."

"पण शिवणीसारखा आवाज येईल?"

"तसा नाय येणार. ह्याचा ह्याला येईल."

माझी मधली फळी तासून तंबोऱ्याची तबली झाली. तबली म्हणजे भोपळ्यावर बसणारी, तारांचा आवाज वाढवणारी पातळ फळी. खिळ्यांची भोकं बुजवली. नीट पाहिलंत तर दिसतील.

मित्रांनो, जुनं लाकूड चुलीत घालण्याआधी आणि हिरवं झाड तोडण्याआधी, त्या जुन्यावर एकदा बोटांनी ठोकून कान लावा.

आता शिवणीखाली सरिताबाई तार छेडतात आणि दीडशे मुलं आपोआप गप्प होतात. डस्टर कुणीच आपटत नाही.