पाहुणं सरपण

छिद्राची रुंदी साडेतीन मिलिमीटर भरली. एक कड सरळ, दुसरी गोल, म्हणजे नेमका अर्धचंद्र. मी पट्टी शेजारच्या छिद्रावर लावली. तिथे किंचित जास्त, पण आकार तोच. लाकडात गोल भोकं पाडणारे भुंगेरे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बहुतेकांशी माझं काही भांडण नाही. अ‍ॅशच्या झाडाच्या सालीला असं अर्धचंद्राचं दार पाडून बाहेर पडणारा मात्र आमच्याकडे एकच आहे. तो पाचूसारखा हिरवा असतो आणि दिसायला इतका देखणा, की लोक तो डबीत घालून मला पाठवतात आणि सोबत लिहितात, ‘हा कोण सुंदर पाहुणा?’

ओंडका पाण्याच्या नळाजवळ, रस्त्याच्या मधोमध पडला होता. कुणाच्या तरी गाडीतून घरंगळला असावा. मी तो उचलला, पाण्याचा कॅन दुसऱ्या हातात घेतला आणि आमच्या तंबूकडे निघाले.

टॅमरॅक पॉइंट हे विस्कॉन्सिनच्या उत्तरेचं अगदी लहान राज्य उद्यान. एक तळं, एक दलदल, आणि झाडांत लपलेल्या तंबूंच्या बावीस जागा. मी आणि लायल लग्नानंतर दर सप्टेंबरला इथे येतो आणि सतरा नंबरची जागा घेतो. तिथे सकाळचं ऊन तंबूवर येतं आणि दुपारचं येत नाही. दलदलीच्या वाटेवर दोनशे अकरा अ‍ॅश आहेत. मी मोजलेत. अ‍ॅशचं झाड आतून पोखरून मारणारा हा किडा तिथवर अजून पोचलेला नव्हता.

“आलीस? मला वाटलं, नळ शोधायला कॅनडात गेलीस,” लायल म्हणाला. तो तव्यावर सॉसेज परतत होता. “आणि हे काय? लाकडं आहेत की आपल्याकडे.”

“चाकू दे.”

“कांदा चिरायचाय?”

“साल काढायचीय.”

त्याने चाकू दिला. लायल दिवसभर बोलतो, पण कधी थांबायचं ते त्याला कळतं. मी सालीखाली पातं घातलं. साल सहज सुटली. खाली नागमोडी बोगदे होते, बारीक भुशाने भरलेले, आणि एका बोगद्याच्या टोकाला सायीच्या रंगाची चपटी अळी. जिवंत. उजेड लागताच तिने अंग आखडलं.

“नाव सांग,” लायल म्हणाला.

मी सांगितलं.

त्याने तवा खाली उतरवला.

एकतीस वर्षं मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत किडे ओळखते आहे. लोक औषधाच्या बाटल्यांत, काडेपेट्यांत, एकदा तर लग्नाच्या अंगठीच्या डबीत किडे घालून पाठवतात. मी नाव शोधते आणि चार ओळींचं पत्र लिहिते. ‘आपल्या घराला वाळवी लागली आहे, कळवण्यास खेद वाटतो.’ पत्र वाचताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मला कधी पाहावं लागलेलं नाही.

आणि नेमकं तेच, माणसाला समोरासमोर सांगणं, तीन वर्षं आमच्यात अडून बसलं होतं. इथे दर उन्हाळ्यात उद्यानाकडून एक यजमान राहतो. त्याला मे ते सप्टेंबर जागा फुकट. त्या बदल्यात त्याने आल्यागेल्याची विचारपूस करायची, वाट चुकलेल्यांना वाट दाखवायची आणि नियम मोडणाऱ्यांना गोड शब्दांत सांगायचं. चौदा उन्हाळे हे काम बर्निसने केलं. आता ती एकोणऐंशीची झाली आणि अ‍ॅरिझोनाला मुलीकडे राहायला चालली. तीन वर्षांपूर्वी तिने पहिल्यांदा आम्हाला विचारलं, तेव्हा लायलचा चेहरा नाताळच्या सकाळच्या पोरासारखा झाला होता. मी म्हणाले, “पाहू.” पुढच्या वर्षी म्हणाले, “प्रयोगशाळेचं काय करायचं, पाहू.” निवृत्ती मला कधीची घेता येत होती. लायलने गेल्या वर्षापासून विषय काढणं सोडलं, आणि ते मला जास्त लागलं. एकट्याने यायला तो तयार नव्हता. “चार महिने तिथे कुणाशी भांडू?” असं म्हणायचा.

आता बर्निसला रविवारी दुपारी बारापर्यंत उत्तर हवं होतं. नाहीतर उद्यान ओहायोच्या कुठल्याशा जोडप्याला होकार कळवणार होतं. आज शनिवार होता.

बर्निस न्हाणीघराच्या दारात गुडघाभर रबरी बूट घालून उभी होती. आतून पाणी वाहत होतं.

“कुणीतरी नाल्यात मक्याची कणसं टाकलीत,” ती म्हणाली. “कणसं! अंघोळीला कणसं कोण नेतं गं?”

मी ओंडका पुढे धरला आणि अळी दाखवली. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“बारा नंबर,” ती म्हणाली. “दुपारी आले. गाडी पार भरलेली. मी म्हटलं, सरपण कुठलं? तर म्हणाला, घरचं. म्हटलं, नंतर येऊन बोलते. तेवढ्यात ही कणसं.”

दहा मैलांपलीकडचं सरपण इथे आणायचं नाही, अशी पाटी उद्यानाच्या दारातच आहे. लोक ती वाचतात आणि त्यांना वाटतं, ती दुसऱ्यांसाठी आहे.

“मग चल,” मी म्हणाले. “मी तुझ्यासोबत येते.”

“मी? या पाण्यातून?” बर्निसने कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या हातात ठेवली. “तू जा. मला फक्त नियम ठाऊक आहे. तुला त्या किड्याचं नाव ठाऊक आहे.”

ती किल्ली तिच्या छोट्या विजेच्या गाडीची होती. हिरवी, मागे सामानाचा हौदा, पुढे प्लॅस्टिकचं सूर्यफूल. चौदा वर्षं लायल ती गाडी एकदा तरी चालवायला मागत होता, आणि चौदा वर्षं बर्निस म्हणत होती, “तू? तू तर तळ्यात घालशील.” मी गाडी घेऊन सतरा नंबरवरून गेले, तेव्हा त्याच्या हातातलं सॉसेज चुलीत पडलं.

“मारिट!” तो ओरडला. “हे बरोबर नाही!”

बारा नंबरवर एक माणूस लाकडं रचत होता. रचाई सुरेख होती. साल वरच्या बाजूला, टोकं एका रेषेत. टेबलाशी त्याची बायको टोमॅटो चिरत होती. दोन मुली झाडांना बांधलेल्या झोळीत भांडत होत्या.

मी गाडीतून उतरले. पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं. ‘आपल्या लाकडात कीड आढळली आहे, कळवण्यास खेद वाटतो.’

“बसा ना, बाई,” तो माणूस म्हणाला. “मी रामिरो. ही नोएलिया. आम्ही इलिनॉयचे, ऑरोराहून आलोय. बघा, काय लाकूड आहे! असं दुकानात मिळायचं नाही.”

“दुकानात मिळतं ते जळतं,” नोएलिया म्हणाली. “याचं लाकूड फक्त मिरवायला. सहा तास मी मांडीवर ओंडका घेऊन बसले. लग्नात मला एवढं जपलं नव्हतं याने.”

“हे आमच्या अंगणातलं झाड,” रामिरो म्हणाला. “मुलींचा झोपाळा होता त्याला. ऑगस्टमध्ये पाडावं लागलं. मी म्हटलं, असंच कचऱ्याच्या गाडीत नाही घालायचं. चांगल्या ठिकाणी नेऊ, रात्रभर शेकोटी करू आणि उरेल ते पुढच्या लोकांसाठी ठेवून जाऊ.”

आमच्याकडे ही रीतच आहे. जाताना उरलेलं सरपण मागून येणाऱ्याला ठेवून जायचं. मी स्वतः पंचवीस वर्षं ठेवत आले आहे.

पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडातून आलंच नाही. मी ओंडका टेबलावर ठेवला आणि खिशातलं भिंग काढलं.

“झाड कशाने गेलं?”

“कसलातरी किडा. पण झाड मेलं की. म्हणजे किडाही मेला.”

“बघा,” मी म्हणाले.

त्याने भिंगातून पाहिलं. पाहतच राहिला. दोन्ही मुली झोळी सोडून आल्या आणि त्यांनी पाळीपाळीने पाहिलं. धाकटी म्हणाली, “हलतेय!” नोएलियाने पाहिलं नाही. ती रामिरोच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मीही पाहिलं. तो चेहरा मला एकतीस वर्षं पत्रांच्या पलीकडे दिसला नव्हता. वाईट होता, पण बघवेल इतकाच.

“हे मी इथे आणलं,” तो हळूच म्हणाला. “या जंगलात.”

“आणलंत. पण अजून ती सालीखालीच आहे. पुढच्या उन्हाळ्यात बाहेर पडली असती. आज सगळं जाळलं, अगदी सालीची ढलपीसुद्धा, तर काही बिघडलं नाही.”

“आज? सगळं? बाई, चौसष्ट ओंडके आहेत!”

“मोजलेत तुम्ही?”

“मोजले.”

तो माणूस मला आवडला.

“मग पाच चुली लागतील,” मी म्हणाले.

आणि मग मी ते केलं, जे एरवी मी पैज लावूनही केलं नसतं. गाडी घेऊन दहा, अकरा, तेरा आणि चौदा नंबरच्या जागांवर गेले आणि अनोळखी माणसांना म्हणाले, “आज संध्याकाळी तुमची शेकोटी आम्हाला हवी आहे.” तेरा नंबरवर दोन म्हातारे मित्र पत्ते खेळत होते. एकाने विचारलं, “कशाचा निधी गोळा करताय?” मी म्हणाले, “कशाचाच नाही. झाडाला निरोप आहे.” त्याने पत्ते खाली ठेवले. “मग मी टोपी घालून येतो.”

लायल हौद्यात बसून ओंडके उतरवत होता आणि दर फेरीला विचारत होता, “आता मी चालवू?” मी म्हणत होते, “तू तर तळ्यात घालशील.”

रामिरोने गाडीचा तळ झाडला आणि सालीचा चुरा वर्तमानपत्रात गोळा केला. नोएलियाने तो पुडा स्वतःच्या हाताने चुलीत टाकला. “सहा तास मांडीवर,” ती पुडक्याला म्हणाली. “जा आता.”

सात वाजता, तळ्यावर अजून उजेड असताना, पाचही चुली पेटल्या. मुलींनी काड्यांना मार्शमेलो टोचून भाजले, त्यातले निम्मे कोळसा झाले, तेही खाल्ले गेले. तेरा नंबरचा म्हातारा खरंच टोपी घालून आला. रामिरोने झाडाची गोष्ट सांगितली. थोरली झोपाळ्यावरून पडली आणि दात पडला, तर त्या दातासाठी सगळ्यांनी गवत कसं चाळलं. लायलने लगेच स्वतःच्या पडलेल्या दाताची गोष्ट सांगितली. ती मी चाळीसदा ऐकली आहे. त्या दिवशी दात तळ्यात पडला. एरवी तो विहिरीत पडतो.

शेवटी एक ओंडका उरला. त्याच्या पोटात झोपाळ्याची लोखंडी कडी होती. झाडाने वाढता वाढता ती गिळली होती आणि फक्त वरची कमान दिसत होती. रामिरो तो ओंडका मांडीवर घेऊन बसला.

“हाही?” त्याने विचारलं.

मी नियम जाणते. पण नियमाचं कारणही जाणते. अळी सालीत असते, फार तर सालीखालच्या अर्ध्या इंचात. त्याच्या आत लाकूड निव्वळ लाकूड असतं.

“इकडे द्या,” मी म्हणाले.

तासभर मी तो ओंडका तासत बसले. साल, मग तिच्याखालचा अर्धा इंच, पट्टी लावून, चहूबाजूंनी. प्रत्येक ढलपी चुलीत. रामिरो शेजारी बसून विचारत होता, किडा दिसतो कसा, उडतो किती, इथल्या झाडांचं काय. मी उत्तरं देत होते. मध्येच लायलने माझ्या हातात कोकोचा मग ठेवला आणि माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

“काय?”

“काही नाही,” तो म्हणाला. “तू एक तास बोलते आहेस. घड्याळ लावलं होतं मी.”

सकाळी मी पाचही चुलींची राख काडीने ढवळली. कोळसे, दोन खिळे, सालीचा तुकडा एकही नाही. बारा नंबरची मंडळी सामान भरत होती. त्यांनी दारावरच्या दुकानातून सरपणाचा भारा विकत घेतला होता आणि तो पुढच्यासाठी चुलीजवळ रचून ठेवला होता, टोकं एका रेषेत. तासलेला ओंडका मुलींच्या मधोमध, पट्टा लावून बसला होता. निघताना रामिरोने काच खाली केली.

“पुढच्या वर्षी आलो, तर तुम्ही असाल ना, बाई?”

गाडीच्या आतून नोएलिया ओरडली, “हा रिकाम्या हाताने येईल, मी बघते!”

मी हात हलवला. उत्तर द्यायच्या आत गाडी वळली.

साडेअकराला बर्निस आली. बूट सुके होते, काखेत अर्ज लावलेली फळी होती. तिने गाडी आमच्या टेबलाशी उभी केली आणि कालच्या राखेकडे, मग माझ्या काळ्या बोटांकडे पाहिलं.

“ओहायोवाले फोनपाशी बसलेत,” ती म्हणाली. “मी काय सांगू?”

लायल तंबूच्या खुंट्या पुसत होता. एकच खुंटी बराच वेळ पुसत होता.

“बर्निस, तिला घाई करू नकोस,” तो वर न बघता म्हणाला. “मारिट अजून विचार करतेय. आपण नंतर...”

“येतो आम्ही,” मी म्हणाले. “पंधरा मेला. दोघांची नावं लिही.”

खुंटी खाली पडली. बर्निसने किल्ली कमरेवरून सोडली आणि लायलने हात पुढे केला.

“पण गाडी मी चालवणार,” मी म्हणाले.