शेठची मालिश

आमच्या केशकर्तनालयात दोघं जण दिवसभर नुसते बसून असतात. एक आमचे बाबा आणि दुसरा शेठ. शेठ म्हणजे कासव. खिडकीजवळच्या काचेच्या पेटीत त्याचा मुक्काम, आणि काम काडीचं नाही.

बाबांचा हात थरथरायला लागला आणि एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला. त्या दिवशी त्यांनी वस्तरा माझ्या हवाली केला आणि बोलणंही सोडलं. कुणी हाताची चौकशी करेल म्हणून दुकानाच्या पायरीवरसुद्धा येत नसत. बोलायचे ते फक्त शेठशी. सकाळी दुकान उघडलं की पहिली मालिश शेठची, तीही बदामाच्या तेलानं. गिऱ्हाइकांच्या डोक्याला आम्ही साधं तेल लावतो. शेठचं कवच असं चकाकायचं की त्यात बघून भांग पाडावा. मी कुरकुरायचो, पण माझं ऐकतो कोण!

मग शेठनं खाणं टाकलं. त्याच्या पाठोपाठ बाबाही ताट सरकवू लागले. कासवाचं एक वेळ ठीक, पण बाबांना बघून माझं धाबं दणाणलं. दोघांनाही टॅक्सीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी शेठच्या पाठीवर अंगठा दाबला, तर पाठ दबली. याला काही लावता का, असं त्यांनी विचारलं. बाबांनी छाती फुगवून तेल कुठलं, किती घ्यायचं, बोटं कशी फिरवायची, सगळं साग्रसंगीत सांगितलं. मी भिंतीवरचा मांजरांचा तक्ता वाचत उभा राहिलो.

“आजोबा, हे डोकं नाही, हाड आहे,” बाई म्हणाल्या. “ऊन मिळत नाही म्हणून मऊ पडलंय, आणि त्यावर तुमचा तेलाचा थर.”

पेटीत तर रोज ऊन येतं, असं बाबांचं म्हणणं. पण काचेतून नुसती ऊब येते, हाडाला हवं ते काच अडवते, हे ऐकल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी पानावर भुरभुरायला कॅल्शियमची पावडर दिली. आता खाल्लं नाही तर तो जगणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून शेठ पायरीवर. कुत्र्यांमुळे जवळ कुणीतरी हवं, आणि मी तर कामात. बाबा निमूटपणे स्टूल घेऊन बाहेर बसले. व्हायचं तेच झालं. आल्यागेल्यानं हाताची चौकशी केली. बाबांनी तो विषय टाळायला प्रत्येकाला तेलाचे तोटे ऐकवले. मालिशीची गिऱ्हाइकं पायरीवरूनच परत फिरू लागली. माझं डोकं सणकलं, पण बाबा बोलत होते, म्हणून तोंड बंद ठेवलं.

शेठ मात्र खाईना. शेवटी मी एका गिऱ्हाइकाला तोंडाला फेस लावून तसंच बसवलं आणि बाहेर आलो. पावडर लावलेलं जास्वंदीचं पान शेठच्या तोंडापुढे धरलं. माझा हात जराही हलत नाही, त्यावर तर घर चालतं. शेठनं ढुंकूनही पाहिलं नाही.

बाबांनी पान माझ्याकडून घेतलं. त्यांच्या हातात ते थरथरायला लागलं, किडा वळवळावा तसं. शेठनं मान बाहेर काढली, पानावर डोळे रोखले आणि कचकन लचका तोडला.

बाबा कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग मी अजून तिथेच उभा आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

“तू आत जा,” ते म्हणाले. “हे तुझ्या हातचं काम नाही.”