दुपारचं बटन

“सही करून टाका न बाई, कायले ताणून राहिल्या?” योगेंद्र साहेबांनी कागद पुढे सरकवला. ‘माझ्या चुकीमुळे सर्व्हर वारंवार बंद पडला,’ असं त्यावर लिहिलं होतं. सही केली की महिनाअखेर ललिताबाईची नोकरीतून सुट्टी.

भंडाऱ्याच्या या धान संघाच्या कचेरीत सगळ्या टेबलांच्या फायली यंदापासून एकाच नव्या सर्व्हरवर असत. दर तिसऱ्या दिवशी तो अडून बसे. बंद करून पुन्हा चालू केला, की सुरळीत. कंपनीच्या माणसाने फोनवरूनच निदान सांगितलं, चालू कॉम्प्युटरांचं बटन कुणीतरी बंद करतं. ते करत होती शिपाई ललिताबाई. जेवणाच्या सुट्टीत वीज वाचवायची, हा हुकूम तिला जुन्या साहेबांनीच दिला होता. एकवीस वर्षं तिने तो पाळला. आता म्हणे चूक तिची! चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय?

कंत्राटी ऑपरेटर दामिनी उठली. “सर, पंधरा दिवस थांबा. सर्व्हर मी पायतो.”

“तुहं कंत्राट मार्चले संपून राहिलं, ध्यानात हाय न?”

“हाव, हाय,” दामिनी म्हणाली आणि कामाला लागली. तिला राग आला होता, आणि रागात तिचं डोकं फार छान चाले.

सर्व्हरची प्रणाली फुकटातली होती, तिचा कोड कुणालाही वाचता येई. फाईल उघडणाऱ्या प्रत्येकासाठी सर्व्हर एक जागा राखायचा. नीट निरोप घेऊन गेलेल्याची जागा तो मोकळी करी, पण अचानक वीज गेलेल्याची धरूनच ठेवी. तीन दुपारींत सगळ्या जागा भरत आणि नव्याला पाट उरत नसे. संपर्क तुटल्यावर जागा सोडायची ओळ कोड लिहिणाराच विसरला होता. पाचव्या दिवशी दामिनीने ती ओळ घातली.

“मावशी, दाबा बटन.”

“नोको माय, पुन्हा माह्यावर येईन.”

“दाबा तर खरं.”

ललिताबाईने बटन दाबलं. सर्व्हरच्या पडद्यावरच्या अडलेल्या जागा एकेक करत शून्यावर आल्या. पुढचे दहा दिवस बटन रोज बंद झालं, सर्व्हर एकदाही अडला नाही.

साहेबांनी ललिताबाईला बोलावलं. “नोकरी रायते तुमची. पण वर कळवून बसलो न मी. फाईल मिटवाले तेवढी सही करा.”

ललिताबाईने कागद दामिनीकडून पुन्हा वाचून घेतला. मग तो साहेबांपुढे ठेवला.

“चूक माही नोती. तसं लिहा, मंग करतो सही.”

“तूच शिकवलं काय हे?” साहेब दामिनीवर घसरले.

“मले कोण कायले शिकवन?” ललिताबाईच बोलली. तिने साहेबांसमोरची खुर्ची ओढली. एकवीस वर्षं रोज सकाळी ती ही खुर्ची पुसत आली होती, तिच्यावर बसली मात्र कधी नव्हती. ती पदर सावरून बसली.

“लिहा आरामानं, साहेब. मी बसतो इथं.”